वारेची परीक्षा

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे एक जुने ठाणे आहे. आज ते महानगराचे उपनगर झाले असले, तरी वयाने ते बंगळूरपेक्षा वडील आहे. १५३७ साली बंगळूरचा कोट बांधणारे केंपेगौडा हे मूळचे येलहंका येथील नाडप्रभू. पुढे सुमारे शंभर वर्षांनी बंगळूर शहाजीराजांकडे आले, आणि तेव्हापासून या मुलखाचे व मराठी माणसाचे जाणेयेणे सुरू झाले. याच येलहंका येथे १९८४ साली भारतीय रेल्वेचा एक मोठा कारखाना उभा राहिला. आगगाडीची पोलादी चाके आणि ती ज्यावर बसवितात ते आस तेथे तयार होतात.

चाक किंवा आस वरून कितीही गुळगुळीत दिसो, त्याच्या पोटात एखादी बारीक चीर किंवा पोकळी राहिलेली असू शकते. ती पाहावी म्हणून आस फोडून पाहणे शक्य नसते. कारण फोडलेला आस निर्दोष निघाला, तरी तो पुन्हा कामाचा राहत नाही. म्हणून तेथे त्याची परीक्षा ध्वनीने घेतात. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिसूक्ष्म ध्वनी पोलादात सोडला जातो. पोलाद अखंड असेल तर तो सरळ पार जातो. मध्ये चीर आली तर तेथून प्रतिध्वनी परत फिरतो. जे डोळ्याला दिसत नाही ते असे ध्वनीने कळते. आणि ही परीक्षा केव्हा करावयाची? आसावर गाडीचा भार पडण्यापूर्वी. भार पडल्यानंतर कळलेला दोष हा दोष राहत नाही, तो अपघात होतो.

पोलाद तपासण्याची ही विद्या गरोदर स्त्रीच्या कामी कशी आली, तो इतिहास बोधप्रद आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात इयन डोनाल्ड या नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश वायुदलात काम करून आलेले होते. त्यामुळे अदृश्य लहरींनी वस्तूचा ठाव घेण्याची कल्पना त्यांना अपरिचित नव्हती. १९५५ साली ते ग्लासगोजवळच्या बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात गेले. शस्त्रक्रियेने काढलेल्या काही गाठी त्यांनी बरोबर नेल्या होत्या. धातूतील दोष शोधणारे यंत्र त्यांनी त्या गाठींवर धरून पाहिले, तेव्हा पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी एक प्रकारचा आणि भरीव मांसाच्या गाठीचा निराळ्या प्रकारचा, असे स्पष्ट दिसून आले. पुढे टॉम ब्राउन हे अभियंते आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर यांच्या साहाय्याने त्यांनी हे तंत्र सुधारले, आणि ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्याला आपण आज घरोघर 'सोनोग्राफी' म्हणतो, त्या परीक्षेचा प्रसूतिशास्त्रातील आरंभ तेथून झाला.

सोनोग्राफी म्हटले की सामान्यतः सर्वांच्या डोळ्यांपुढे गर्भाचे चित्र येते. घरातील मंडळी बाळाचे नाक, हात, पाय त्या करड्या छायेत शोधू लागतात. परंतु त्याच चित्रात बाळाच्या शेजारी आणखी एक वस्तू असते आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ती वस्तू म्हणजे वार.

वारेविषयी आपल्या समाजाची वृत्ती मोठी चमत्कारिक आहे. मूल जन्मले की सर्वांचे लक्ष मुलाकडे जाते. वार पडेपर्यंत सुईणीचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो, कारण वार अडली तर बाळंतीण हातची जाते हे तिला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. एकदा वार पडली म्हणजे ती परसात खड्डा करून पुरून टाकावयाची, आणि विषय संपला. ज्या गावी आपली नाळ पुरली त्या गावाची ओढ आपण जन्मभर बाळगतो. पण ज्या वारेला ती नाळ जोडलेली होती, तिने नऊ महिने काय केले, हे विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटत नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनी तिला अपरा असे नाव दिले. युरोपात १५५९ साली रेआल्दो कोलोम्बो या शरीरशास्त्रज्ञाने तिला जे लॅटिन नाव दिले, त्या 'प्लासेंटा' शब्दाचा अर्थ आहे चपटी भाकर. आकाराने ती खरोखरच तशी असते. दिवस भरतेवेळी तिचा व्यास सुमारे वीस-बावीस सेंटिमीटर, जाडी दोन-अडीच सेंटिमीटर आणि वजन सुमारे अर्धा किलो.

परंतु या भाकरीएवढ्या अवयवाचे काम पाहिले तर मन थक्क होते. गर्भाचे फुप्फुस तीच, मूत्रपिंड तीच, आतडे तीच. आईच्या गर्भाशयाकडे शेवटच्या महिन्यांत दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त येत असते. त्या रक्तात वारेचे असंख्य नाजूक तंतू बुडालेले असतात, आणि त्या तंतूंच्या आतून बाळाचे रक्त वाहत असते. दोन्ही रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या तलम पडद्यातून प्राणवायू व अन्न आत जाते आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर येतात. हे तंतू उलगडून पसरले, तर त्यांचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटरहून अधिक भरेल. म्हणजे एका लहान खोलीची जमीन निसर्गाने एका भाकरीत घडी घालून ठेवलेली असते.

आता प्रसूतीच्या कळांचा विचार करावा. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, आणि त्या स्नायूंमधून येणाऱ्या रक्तवाहिन्याही त्याबरोबर चिमटतात. जोराची कळ सुमारे एक मिनिट टिकते. तेवढा वेळ वारेकडे येणारे आईचे रक्त जवळजवळ थांबते. कळ ओसरली की ते पुन्हा वाहू लागते. भर प्रसूतीत असे दहा मिनिटांत तीन-चार वेळा होते, आणि तासन्‌तास होत राहते. ज्या वारेजवळ पुरेशी शिल्लक आहे, तिच्या आधारावर बाळ या प्रत्येक मिनिटात तग धरते. ज्या वारेची शिल्लक आधीच संपत आली आहे, तिच्या बाळाला मात्र प्रत्येक कळ म्हणजे बुडी मारून पुरता श्वास न घेताच पुन्हा मारलेली बुडी होते. आसावर भार पडावा, तसा वारेवर हा भार पडतो. आणि म्हणूनच वारेची परीक्षा करावयाची तर ती कळा सुरू होण्यापूर्वी, हे उघड आहे.

या परीक्षेचे महत्त्व किती, हे एका आकड्यावरून कळेल. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे एकोणीस लक्ष मुले गर्भारपणाचे अठ्ठावीस आठवडे उलटल्यावर मृतावस्थेत जन्मतात. त्यांतील शेकडा चाळीसहून अधिक मुले प्रसूती सुरू होईपर्यंत जिवंत असतात. या सर्वच मृत्यूंना वार जबाबदार असते असे नव्हे. तरीपण जी अनेक कारणे आहेत, त्यांत दुबळी वार हे एक प्रमुख कारण आहे, यात शंका नाही.

मग सोनोग्राफीने वारेविषयी नेमके काय कळते?

पहिली गोष्ट म्हणजे तिची जागा. वार बहुधा गर्भाशयाच्या वरच्या भागात असते. क्वचित ती खाली, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाजवळ किंवा मुखावरच रुजते. अशा स्त्रीला कळा सुरू झाल्या, तर मूल बाहेर येण्याची वाट आणि वार यांची एकच जागा होते, आणि प्राणघातक रक्तस्राव होतो. पूर्वी हे संकट रक्त वाहू लागल्यावरच कळत असे. आता ते आधी कळते. मात्र पाचव्या महिन्यात वार खाली दिसली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. गर्भाशय वाढत जाते तशी शेकडा नव्वद स्त्रियांची वार वर सरकलेली आढळते. आठव्या महिन्यात पुन्हा पाहिले म्हणजे काय ते ठरते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीची वार जुन्या व्रणावरच खाली रुजली असेल, तर मात्र विशेष सावध राहावे लागते. कारण ती व्रणात खोल शिरून चिकटलेली असण्याचा संभव असतो. अशी प्रसूती रक्तपेढी व अनुभवी शस्त्रवैद्य असलेल्या मोठ्या रुग्णालयातच झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट बाळाची वाढ, आणि तिसरी त्याच्या भोवतीचे पाणी. या दोन्ही वारेच्या कामाच्या अप्रत्यक्ष साक्षी होत. वार पुरवठा करीत असेल तर बाळ वाढते. पुरवठा तुटू लागला म्हणजे प्रथम पोटाचा घेर वाढेनासा होतो, मूत्र कमी होते आणि म्हणून पाणीही कमी होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती रक्ताच्या प्रवाहाची. ती समजण्यासाठी येलहंका जंक्शनच्या फलाटावर क्षणभर उभे राहावे. न थांबता जाणारी गाडी शिट्टी वाजवीत जवळ येते, तोवर शिट्टीचा स्वर चढा ऐकू येतो; गाडी पुढे निघून दूर जाऊ लागली की तोच स्वर एकाएकी उतरतो. शिट्टी बदललेली नसते, गाडीची दिशा बदललेली असते. या घटनेचे गणित १८४२ साली प्राग येथे क्रिस्टियन डॉप्लर यांनी मांडले, आणि १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बालोट या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारीवादक बसवून ते खरे करून दाखविले. रक्ताचे कण हे असेच धावणारे प्रवासी आहेत. त्यांच्यावर आदळून परत येणाऱ्या ध्वनीचा स्वर चढला की उतरला, यावरून रक्त कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहते हे यंत्र सांगते. नाळेतील रक्तप्रवाह या रीतीने प्रथम मोजला गेला तो १९७७ साली डब्लिन येथे.

नाळेत तीन वाहिन्या असतात. दोन रोहिण्या बाळाचे रक्त वारेकडे नेतात, एक नीला ते शुद्ध करून परत आणते. बाळाचे हृदय आकुंचन पावले की रोहिणीत रक्ताचा लोंढा येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी काय होते, हे पाहावयाचे असते. ज्यांनी मोटेचे पाणी पाहिले आहे त्यांना हे चटकन उमगेल. मोट थारोळ्यात रिती होते तेव्हा पाण्याचा लोंढा पाटातून धावतो. पण पुढचे शेत मोकळे असले, तर दुसरी मोट वर येईपर्यंतही पाट वाहताच राहतो. पुढे वाट तुंबलेली असली, तर मोटांच्या मध्ये पाट थबकतो, आणि फारच तुंबली तर पाणी मागे फिरते. निरोगी वार ही मोकळ्या शेतासारखी असते. दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त तिच्याकडे वाहतच असते. वारेचे तंतू झडू लागले, त्यांतील वाहिन्या बुजू लागल्या, की हा मधला प्रवाह प्रथम क्षीण होतो, मग थांबतो, आणि अखेरीस उलटा फिरतो. उलट फिरलेला प्रवाह हा धोक्याचा लाल कंदील होय. अशा वेळी बाळाला दिवस पूर्ण होण्यापूर्वीच, बहुधा शस्त्रक्रियेने, बाहेर काढावे लागते.

याच यंत्राने बाळाच्या मेंदूकडे जाणारी रोहिणीही पाहता येते. पुरवठा कमी पडू लागला म्हणजे बाळ आपल्या मेंदूकडील वाट रुंद करते आणि इतर अवयवांचा वाटा कमी करते. दुष्काळात घरातील कर्ती बाई जशी आधी लेकराच्या ताटात वाढते, तसा हा प्रकार आहे. मेंदूकडील प्रवाह आणि नाळेतील प्रवाह यांचे गुणोत्तर काढले, तर वरून सुदृढ दिसणारे बाळही आत काटकसर करीत आहे की काय, याचा सुगावा लागतो.

येथवर ऐकून एखाद्याला वाटेल की, मग प्रत्येक स्त्रीची ही परीक्षा शेवटच्या महिन्यात करून टाकावी म्हणजे प्रश्न मिटला. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. पोलादाचा आस सदोष निघाला तर तो पुन्हा भट्टीत घालता येतो; आई आणि बाळ यांच्या बाबतीत प्रत्येक निष्कर्षाची किंमत मोजावी लागते. म्हणून या यंत्राच्या मर्यादा जाणून घेणे हे त्याची शक्ती जाणण्याइतकेच आवश्यक आहे.

कल्पना करावी की येलहंका येथील एखाद्या वसाहतीत सोलापूरकडचे एक कुटुंब राहते आहे. लेकीला नववा महिना लागला म्हणून आई बाळंतपणासाठी आलेली आहे. सोनोग्राफीचा कागद घरी येतो आणि त्यावर लिहिलेले असते, 'प्लासेंटा ग्रेड तीन'. कोणीतरी शेजारीण सांगते की याचा अर्थ वार पिकली. आई घाबरते. "अगं, पिकली म्हणजे गळायला आली. आता वाट कसली पाहतेस? उद्याच जाऊन मोकळी हो," असे ती लेकीला म्हणते. दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर दवाखान्यात जाते आणि डॉक्टरीणबाईंपुढे तेच गाऱ्हाणे मांडते. बाई तिला मोडक्या हिंदीत समजावतात, "अम्मा, केस पिकले म्हणून माणूस आजारी ठरत नाही. बाळ वाढले आहे, पाणी पुरेसे आहे, नाळेतले रक्त नीट वाहते आहे. आपण वाट पाहू."

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी तो घडत असलेली घरे थोडीथोडकी नाहीत. वारेत चुन्याचे कण साठतात, त्यांवरून शून्य ते तीन अशी प्रतवारी करण्याची पद्धत १९७९ साली अमेरिकेत निघाली. दिवस भरत आल्यावर तिसरी प्रत दिसणे हे बहुधा वयाचे लक्षण असते, रोगाचे नव्हे. आठव्या महिन्याच्या आधीच ती दिसली, तर मात्र बाळाची वाढ व रक्तप्रवाह अधिक काळजीने पाहावे लागतात. उलटपक्षी, कागद निर्मळ आहे म्हणून निर्धास्त राहणेही तितकेच चुकीचे. वार वेळेपूर्वी सुटू लागणे हे भयंकर संकट, पण ते सोनोग्राफीत पुष्कळ वेळा दिसतच नाही. पोट दगडासारखे कठीण होणे, सतत दुखणे, रक्त जाणे, डोके ठणकणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे, अथवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणे, यांतील काहीही झाले तर कालचा कागद पाहत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. यंत्र हे त्या दिवसाची साक्ष देते, उद्याची हमी देत नाही.

शास्त्रज्ञांनी या परीक्षेचाही कस लावून पाहिला आहे. ज्या स्त्रियांचे गर्भारपण धोक्याचे आहे, म्हणजे ज्यांचा रक्तदाब वाढला आहे, ज्यांच्या बाळाची वाढ खुंटली आहे, अशा दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेले प्रयोग एकत्र करून पाहता असे दिसले की, नाळेतील प्रवाहाची परीक्षा केल्याने बालमृत्यूंचे प्रमाण शेकडा १.७ वरून १.२ वर आले. सुमारे दोनशे स्त्रियांची परीक्षा केली, तर एक जीव अधिक वाचतो, असा त्याचा अर्थ. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्यांना कोणताही धोका दिसत नाही अशा स्त्रियांच्या बाबतीत पुरावा इतका स्वच्छ नाही. केंब्रिज येथील पहिलटकरणींच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, सर्वांची अखेरच्या तिमाहीत सोनोग्राफी केली तर लहान राहिलेल्या बाळांपैकी शंभरांत सत्तावन्न आधी ओळखता येतात. नेहमीच्या पद्धतीने वीसच ओळखली जातात. पण केवळ ओळखल्याने जीव वाचतो का? हॉलंडमध्ये तेरा हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सरसकट सोनोग्राफीने लहान बाळे अधिक सापडली, तरी गंभीर अनर्थांचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. २०२४ साली अनेक देशांतील सुमारे अकरा हजार स्त्रियांवरील एका प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. त्यात मेंदू व नाळ यांच्या प्रवाहांचे गुणोत्तर पाहून प्रसूतीची वेळ ठरविली होती. बालमृत्यूंत स्पष्ट फरक पडला नाही. नवजात बाळांचे गंभीर आजार मात्र काहीसे कमी झाले. सर्वच स्त्रियांची डॉप्लर परीक्षा करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही केलेली नाही. चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सर्वांची व्हावी, एवढे मात्र ती आग्रहाने सांगते.

ही पहिली सोनोग्राफी इतकी महत्त्वाची का? कारण बाळ लहान आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी ते किती आठवड्यांचे आहे, हे निश्चित ठाऊक असावे लागते. तारीखच चुकली तर पुढचे सर्व हिशेब चुकतात. निरोगी बाळाला दुबळे ठरवून वेळेपूर्वी ओढून काढले जाते, किंवा दुबळ्याला निरोगी समजून वाट पाहिली जाते. त्यानंतर दर भेटीला रक्तदाब, लघवीची तपासणी, आणि एका साध्या कापडी फितीने पोटाची उंची. सहाव्या महिन्यापासून जितके आठवडे साधारण तितके सेंटिमीटर, असे हे सोपे माप आहे. ते मागे पडू लागले, तर त्या स्त्रीला डॉप्लर परीक्षेला पाठवावयाचे. म्हणजे पन्नास लाखांचे यंत्र कोणासाठी चालवावयाचे, हे पन्नास पैशांची फीत ठरविते. फीत धरणारी परिचारिका जेथे नाही, तेथे यंत्र असूनही उपयोग थोडा.

आपल्या देशात या यंत्राच्या वाट्याला एक काळा इतिहासही आलेला आहे. ज्या यंत्राने बाळाचा जीव वाचवावयाचा, त्याच यंत्राने मुलगी ओळखून तिचा जीव घेण्याचे पाप आपल्या समाजाने केले. त्याविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र. ते साल १९८८. त्यानंतर १९९४ साली संसदेने सर्व देशासाठी कायदा केला. तथापि २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ च राहिल्या. म्हणून या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत, प्रत्येक तपासणीचा अर्ज भरावा लागतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, यंत्र शहरात राहते आणि गरजू स्त्री मात्र ऊसतोडणीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा डोंगरपाड्यावर. या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले एक लहान उपकरण विचार करण्याजोगे आहे. ते बाळाचे चित्र दाखवीतच नाही. केवळ नाळेतील रक्ताचा प्रवाह मोजते. चित्रच नसल्याने मुलगा की मुलगी हे त्यात कळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि थोड्या शिक्षणाने परिचारिकेलाही ते हाताळता येते. आपल्या देशात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. धोक्यातील स्त्री निवडून तिला पुढे पाठविण्याची ती चांगली संधी आहे. तिचा लाभ मात्र घेतला पाहिजे.

तरीही एक मूलभूत प्रश्न उरतोच. वार दुबळी होते ती का? याचे एक उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी दिलेले आहे. तेथे १९९३ पासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास चालविला. त्या शेतकरी स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास होते, आणि त्यांची बाळे जन्मली ती सरासरीने पावणेतीन किलोंच्या आतच. या अभ्यासात डॉ. अरुण किनारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथ्या-पाचव्या महिन्यातच सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले. तो निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. वारेचा आकार हा आईच्या गर्भारपणापूर्वीच्या वजनाशी निगडित होता, आणि बाळाचे वजन वारेच्या त्या आकाराशी. म्हणजे बाळ जेमतेम तळहाताएवढे असते, तेव्हाच त्याच्या शिदोरीचे माप ठरू लागलेले असते. आणि ते ठरविणारी गोष्ट म्हणजे त्याची आई स्वतः मुलगी असताना तिच्या ताटात काय पडले, ही.

हे जातीचे किंवा वंशाचे लक्षण मानून सोडून देण्याची सोय आता राहिलेली नाही. २००९ ते २०१४ या काळात आठ देशांत गर्भाच्या वाढीचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातील भारतातील केंद्र होते आपले नागपूर. ऑक्सफर्ड, सिएटल, तुरिन येथील स्त्रियांबरोबर नागपूरच्या निरोगी, सुपोषित स्त्रियांच्या गर्भांची वाढ मोजली गेली, आणि ती सर्वत्र जवळजवळ सारखीच आढळली. आईला पोटभर अन्न, विसावा व देखभाल मिळाली, तर मराठी आईचे बाळही गर्भात इतरांच्या बरोबरीने वाढते. पुण्याजवळची खेडी आणि नागपूर यांच्यामधले अंतर रक्ताचे नाही, ताटाचे आहे.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. ज्या बाईचे मूल मृत जन्मले, तिला मात्र ही समजूतही सांत्वन देत नाही. तिच्या कपाळाला, पायगुणाला, क्वचित तिने ग्रहणात काय चिरले यालाही दोष लावला जातो. खरे पाहता अशा वेळी ती पुरून टाकावयाची वार जर तपासणीसाठी पाठविली, तर कारण सापडण्याचा संभव असतो. वाहिन्या बुजल्या होत्या, वार लहान राहिली होती, नाळेत दोष होता, असे एखादे उत्तर मिळते. त्या उत्तराने गेलेले मूल परत येत नाही. पण आईवरचा आळ पुसला जातो, आणि पुढच्या खेपेला आरंभापासून कोणती सावधगिरी बाळगावी हे कळते. अशा काही स्त्रियांना सोळाव्या आठवड्याच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू केल्यास रक्तदाबाचा विकार व त्याबरोबर वारेची हानी टाळण्यास साहाय्य होते, हे आता सिद्ध झालेले आहे.

येलहंका येथील कारखान्यातून निघालेला आस ज्या डब्याखाली बसतो, त्या डब्यात बसणाऱ्या उतारूंना त्याची कधी आठवण होत नाही, आणि होण्याचे कारणही नसते. कोणीतरी वेळेवर त्याची परीक्षा केलेली असते, एवढे पुरे. वारेचेही तसेच आहे. मूल रडले, वार पडली, बाळंतीण सुखरूप सुटली, की तिला कोणी आठवू नये. परसातल्या मातीत ती खुशाल निजावी. मात्र कळा सुरू होण्यापूर्वी, आणि शक्य तर त्याच्याही पुष्कळ आधी, कोणीतरी तिची विचारपूस केलेली असावी.